भाव, दर, किंमत आणि मोल: शब्द कुठून आले आणि कोणता कुठे वापरायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात शेतमाल विक्रीचे एक माहितीपत्रक मराठीत तयार होते आहे. त्यात ‘प्राइस’, ‘रेट’ आणि ‘व्हॅल्यू’ या तिन्हींसाठी सरसकट ‘किंमत’ लिहिले तर चालेल का? भाव, दर, मोल, मूल्य हे सगळे त्याच अर्थाचे शब्द आहेत का? आणि ‘किंमत’ हा शब्द संस्कृत ‘किं मतम्’ यापासून आला, असे जे ऐकायला मिळते ते खरे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. पहिल्याचे उत्तरही नाहीच, पण त्याला कारणे द्यावी लागतील. मराठीत हे पाचही शब्द पैशाशी निगडित असले तरी प्रत्येकाने आपापले काम वाटून घेतले आहे, आणि ती वाटणी त्यांच्या मूळ अर्थातून आलेली आहे. मूळ कळले की कुठे काय लिहायचे याची घोकंपट्टी करावी लागत नाही.

सुरुवात बाजारातूनच करू. महात्मा फुले मंडईत भाजी घेताना ‘या मेथीची किंमत किती?’ असे कोणी विचारत नाही. ‘मेथी कशी दिली?’ किंवा ‘काय भाव?’ असे विचारतात. तीच व्यक्ती लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात गेली की ‘हिची किंमत काय?’ असे विचारते. मेथीचा आकडा सकाळी एक असतो, दुपारी दुसरा. तो त्या जुडीला चिकटलेला नसतो, बाजाराला चिकटलेला असतो. साडीचा आकडा त्या साडीचा असतो, चिठ्ठीवर लिहिलेला असतो.

‘भाव’ हा शब्द संस्कृत ‘भू’ म्हणजे होणे, असणे या धातूपासून आला. भाव म्हणजे असण्याची स्थिती. मनाची स्थिती तोही भाव, आणि बाजाराची स्थिती तोही भाव. हिंदी आणि गुजरातीतही हा शब्द दोन्ही अर्थांनी नांदतो. स्थिती म्हटले की ती बदलणार हे आलेच, म्हणून मराठीत भावाबरोबर येणारी क्रियापदे सगळी हालचालीची आहेत: भाव चढतो, उतरतो, वधारतो, कडाडतो, गडगडतो, कोसळतो, पडतो, पाडला जातो. हंगामाच्या सुरुवातीला पहिला आकडा ठरला की भाव फुटतो. ‘किंमत फुटली’ असे कुणी म्हणणार नाही. ‘भाव खाणे’ आणि ‘भाव देणे’ हे वाक्प्रचारही इथलेच. मागणी आहे हे ओळखून माणूस भाव खातो. मागणी संपली की त्याला कोणी भाव देत नाही. ‘त्याला घरात किंमत नाही’ या वाक्याचा अर्थ मात्र वेगळा आणि अधिक कडू आहे. भाव न देणे म्हणजे दुर्लक्ष करणे, किंमत नसणे म्हणजे मान नसणे. दुर्लक्ष आजचे असू शकते, मान नसणे ही कायमची अवस्था.

भाव नेहमी कशाच्या तरी हिशेबाने असतो, आणि माहितीपत्रकात सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातले फळभाज्यांचे घाऊक भाव वर्तमानपत्रांत दहा किलोंचे छापले जातात, पालेभाज्यांचे भाव शेकडा जुड्यांचे. लासलगावच्या कांद्याचे भाव मात्र क्विंटलचे. म्हणजे पुण्याच्या बातमीत कांदा २०० रुपये असेल तर तो किलोला २० रुपये झाला, आणि लासलगावच्या भाषेत तोच २,००० रुपये. दोन्ही आकडे शेजारी छापून एकक लिहायचे राहिले तर वाचणारा शेतकरी दहापट चुकीचा निष्कर्ष काढेल. कोथिंबिरीसमोर ८०० लिहिले असेल तर ते शंभर जुड्यांचे, म्हणजे जुडीला ८ रुपये. ‘भाव’ लिहिला की लगेच एकक लिहायचे, हा नियम कधीही मोडू नये. ‘प्रति दहा किलो’, ‘प्रति क्विंटल’, ‘शेकडा जुडी’ यांपैकी जे असेल ते, आणि तक्त्याच्या डोक्यावर एकदाच नको, प्रत्येक गटाच्या वर.

‘दर’ हा भावाचा सख्खा शेजारी, पण स्वभावाने वेगळा. फारसीत ‘दर’ म्हणजे ‘आत’, ‘मध्ये’. त्यातून मराठीत दरमहा, दररोज, दरसाल, दरडोई हे शब्द रुजले, आणि ‘दर’ म्हणजे ‘प्रत्येकी’ असा अर्थ पक्का झाला. शाळेत सरळव्याज शिकताना ‘द.सा.द.शे.’ ही अक्षरे सगळ्यांनी गिरवलेली आहेत: दरसाल दरशेकडा, म्हणजे प्रत्येक वर्षाला प्रत्येक शंभरावर. जुन्या कर्जरोख्यांतही हीच भाषा असे. नाम म्हणून ‘दर’ वापरतो तेव्हाही हेच ‘प्रत्येकी’चे काम चालू असते: व्याजदर, वीजदर, विनिमय दर, पाणीपट्टीचे दर, मृत्युदर, जन्मदर. यांतल्या शेवटच्या दोन शब्दांत पैशाचा संबंधच नाही, तरी ‘दर’ चपखल बसतो. तिथे ‘भाव’ किंवा ‘किंमत’ घालून पाहा, वाक्य मोडते. त्यामुळे ‘रेट’साठी पहिला विचार ‘दर’ या शब्दाचा करावा.

भाव आणि दर यांतला फरक असा धरावा: घासाघीस होऊ शकते तिथे भाव, कोणीतरी ठरवून जाहीर करतो तिथे दर. रिक्षाचे मीटर दराने चालते. मीटर बंद असले की भाव सुरू होतो. कृषी बाजार समित्यांच्या तक्त्यांत मात्र ‘किमान दर’, ‘कमाल दर’ आणि ‘सर्वसाधारण दर’ असे रकाने असतात, जरी ते लिलावात ठरलेले असले तरी. हे चूक नाही. लिलाव झाला, सौदा नोंदला गेला, म्हणजे तो आकडा आता हलणार नाही. नोंदलेला भाव हा दरच. ‘सर्वसाधारण दर’ याला सरासरी समजू नये. ज्या आकड्याच्या आसपास जास्तीत जास्त माल विकला गेला तो हा दर असतो. किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोनाने भागले तर बहुधा वेगळाच आकडा येईल, आणि तो कदाचित कुणालाच मिळालेला नसेल.

(‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लेइलाँव’पासून आलेला आहे. ‘सौदा’ फारसीतून आला. एका मार्केट यार्डात दोन परकी शब्द शेतकऱ्याच्या तोंडी इतके घरचे झाले आहेत की त्यांना परके म्हणवत नाही.)

एक व्याकरणाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. मराठीत ‘दर’ पुल्लिंगी आहे: दर वाढला, दर वाढले. हिंदीत तो स्त्रीलिंगी आहे, आणि हिंदीतून भाषांतर झालेल्या मजकुरात ‘वाढती दर’, ‘दर घटली’ अशी वाक्ये सर्रास सापडतात. संगणकाने केलेल्या भाषांतरात तर हे हमखास होते, म्हणून ‘दर’ हा शब्द शोधून त्याच्या आजूबाजूची क्रियापदे एकदा डोळ्यांखालून घालावीत.

आता ‘किंमत’. मूळ अरबी शब्द ‘क़ीमा’. फारसीत तो ‘क़ीमत’ झाला आणि बहमनी, आदिलशाही, निजामशाही यांच्या कारभारातून मराठीत आला. अरबीत शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात. इथला सांगाडा क-व-म, अर्थ ‘उभे राहणे’. वस्तू ज्या आकड्यावर उभी राहते ती तिची किंमत. याच सांगाड्यातले आणखी शब्द मराठीत आहेत: ‘कायम’ म्हणजे उभा असलेला, टिकून राहिलेला, ‘मुक्काम’ म्हणजे जिथे उभे राहायचे, थांबायचे ती जागा, ‘कयामत’ म्हणजे मेलेले उठून उभे राहतील तो दिवस. मराठी बोलीला मात्र किमतीला उभे ठेवणे आवडले नाही. ‘हा फ्रिज कितीला बसला?’, ‘घर रंगवायला कितीला पडलं?’ असे आपण विचारतो.

‘किं मतम्’, म्हणजे ‘काय मत आहे’, ही फोड कानाला गोड लागते, कारण मराठी लेखनात ‘कि’वर अनुस्वार दिसतो. अशी कुठलीही व्युत्पत्ती तपासायची असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तो शब्द जुन्या संस्कृत कोशांत त्या अर्थाने आहे का. अमरकोशात किमतीसाठी ‘मूल्य’, ‘वस्न’, ‘अवक्रय’ आणि ‘अर्घ’ हे शब्द आहेत, ‘किंमत’ नाही. दुसरी, शेजारच्या आणि दूरच्या भाषांत तो कसा आहे. हिंदी-उर्दूत ‘क़ीमत’, तुर्कीत ‘कियमेत’: संस्कृताशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा भाषेतही हाच शब्द याच अर्थाने आहे. तिसरी, उच्चारात झालेला बदल इतर शब्दांतही दिसतो का. अरबी-फारसी ‘रक़म’ मराठीत ‘रक्कम’ झाली, ‘मुक़ाम’ ‘मुक्काम’ झाला, तशी ‘क़ीमत’ ‘किम्मत’ झाली. पहिला स्वर ऱ्हस्व झाला आणि पुढचे व्यंजन दुप्पट झाले. तो अनुस्वार म्हणजे फक्त ‘म्म’ लिहिण्याची पद्धत आहे. गुजरातीतही हेच झाले. तीनही कसोट्या एकाच दिशेने बोट दाखवतात, तेव्हा शंकेला जागा उरत नाही.

या ‘म्म’मुळे लेखनाचा एक नियम तयार झाला आहे आणि तो फार जणांना माहीत नसतो. तीन अक्षरी शब्दात मधले अक्षर ‘म’ असेल आणि त्याआधीच्या अक्षरावर अनुस्वार असेल, तर सामान्यरूप होताना तो अनुस्वार जातो. गंमत, पण गमतीने. हिंमत, पण हिमतीने. किंमत, पण किमतीला, किमतीचा, किमतीत. अनेकवचनही ‘किमती’: ‘किमती वाढल्या’, ‘किमतींमध्ये फरक आहे’. ‘किंमतीत वाढ’ आणि ‘किंमती कमी केल्या’ असे फलकांवर रोज दिसते. माहितीपत्रकात तरी ते नको. एकवचनी मूळ रूप मात्र ‘किंमत’ असेच लिहायचे. ‘कीमत’ हे हिंदीचे रूप.

किमतीच्या बाबतीत आणखी एक चूक अर्थाचा अनर्थ करते. हिंदी ‘क़ीमत चुकाना’चे शब्दशः रूप म्हणून ‘याची किंमत चुकवावी लागेल’ असे लिहिले जाते. मराठीत चुकवणे म्हणजे टाळणे, हुलकावणी देणे: कर चुकवला, नजर चुकवली. म्हणजे वाक्याचा अर्थ नेमका उलटा झाला. मराठीत किंमत मोजावी लागते. हिंदीतल्या ‘महंगा पड़ना’लाही आपल्याकडे ‘महागात पडणे’ हा स्वतःचा वाक्प्रचार आहे, नुसते ‘महाग पडणे’ अर्धवट वाटते.

‘व्हॅल्यू’साठी ‘किंमत’ कुठे चालते? गणितात चालते, किंबहुना तिथे तोच शब्द आहे. बालभारतीच्या पुस्तकांत ‘क्ष ची किंमत काढा’, ‘स्थानिक किंमत’, ‘दर्शनी किंमत’ असेच असते. ५२७ मध्ये २ ची स्थानिक किंमत २० आणि दर्शनी किंमत २. इथे अरबी मुळाचा ‘कुठे उभा आहे’ हा अर्थ नकळत परत आलेला आहे: आकडा दशकाच्या घरात उभा आहे म्हणून त्याची किंमत वीस. गणिताबाहेर पडल्यावर मात्र ‘व्हॅल्यू’ची जागा ‘मूल्य’ घेते, आणि त्याचे कारण समजण्यासाठी या शब्दाकडे जरा सावकाश पाहायला हवे.

‘मूल्य’ हा शब्द ‘मूल’पासून झाला. मूल म्हणजे झाडाचे मूळ, आणि व्यापारात मूळ धन, मुद्दल. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एकाच सूत्रात (४.४.९१) ‘मूल’ शब्द दोनदा येतो आणि दोन अर्थांनी ‘मूल्य’ सिद्ध होतो. एक अर्थ, मूळ घालून त्याच्या जोरावर जे हाती येते ते. दुसरा, जे मुळाच्या बरोबरीचे आहे ते. आज आपण ज्याला उत्पादनखर्चावर आधारलेली किंमत आणि समतुल्य मोबदला म्हणतो, ते दोन्ही विचार इथे एका ओळीत आहेत. त्याच सूत्रात ‘तुला’पासून ‘तुल्य’ होतो: तराजूत घातल्यावर बरोबर भरतो तो. मूल्य आणि तुल्य हे एकाच सूत्रातले सोबती आहेत हे कळल्यावर ‘समतुल्य’ हा शब्द वेगळाच दिसू लागतो.

प्राकृतात ‘मूल्य’चे ‘मोल्ल’ झाले आणि मराठीत ‘मोल’. म्हणजे मोल आणि मूल्य हा एकच शब्द आहे. एक लोकांच्या तोंडून झिजत आला, दुसरा पोथीतून जसाच्या तसा पुन्हा उचलला. मराठीत अशा जोड्या पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक जोडीत झिजलेला शब्द घरात राहतो, न झिजलेला कचेरीत जातो. कवडीमोल, मातीमोल, बहुमोल, मोलाचा सल्ला ही घरची रूपे. मूल्यमापन, मूल्यवर्धित कर, दर्शनी मूल्य, मूल्यांकन ही कचेरीतली. अनेकवचनात तर अर्थच सरकतो. ‘किमती’ म्हणजे आकडे, ‘मूल्ये’ म्हणजे जगण्याची तत्त्वे. ‘आमच्या कंपनीच्या किमती’ आणि ‘आमच्या कंपनीची मूल्ये’ यांत गल्लत झाली तर वाचक चकित होईल.

मोलाचा एक जुना अर्थ आपण विसरलो आहोत: मजुरी. अमरकोशात ‘मूल्य’ दोन ठिकाणी येतो. वैश्यवर्गात विक्रीच्या किमतीसाठी, आणि शूद्रवर्गात वेतन, भृती, भरण यांच्या रांगेत, कामाच्या मजुरीसाठी. ‘मोलमजुरी’ या जोडशब्दात तो अर्थ जिवंत आहे. दोन्ही पदांचा अर्थ एकच, एक संस्कृतातून, एक फारसीतून. ‘मोलकरीण’ म्हणजे मोल घेऊन काम करणारी. वेठीने किंवा बटीक म्हणून राबणारीच्या उलट ही ठरलेले वेतन घेणारी, असा तो शब्द मुळात आहे. आज मात्र तो अनेकींना खटकतो आणि खटकणे रास्त आहे, कारण वापर मुळापेक्षा बलवान असतो. छापील मजकुरात ‘घरकामगार’ लिहावे.

अ आणि विना या दोन उपसर्गांनी मूल्याचे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. दोन्हींचा अर्थ ‘नाही’. पण ‘अमूल्य’ म्हणजे ज्याची किंमत करताच येत नाही इतके थोर, आणि ‘विनामूल्य’ म्हणजे ज्यासाठी पैसे द्यायचे नाहीत. भाषांतरात ‘फ्री’साठी ‘अमूल्य सेवा’ लिहिलेली दिसते, ती यामुळे. ‘मौल्यवान’ या रूपाबद्दलही विचारणा होते. ‘मूल्यवान’ हे सरळ संस्कृत रूप. पण संस्कृत कोशांत ‘मौल्य’ हाही शब्द आहे आणि मराठीने ‘मौल्यवान’ स्वीकारलेला आहे, तेव्हा तो निर्धास्त लिहावा.

अमरकोशातला जो चौथा शब्द वर आला, ‘अर्घ’, त्याची गोष्ट मला या सगळ्यांत सर्वांत सुंदर वाटते. आज ‘अर्घ’ मराठीत कुणी किमतीसाठी वापरत नाही. पूजेत आपण अर्घ्य देतो तेवढा त्याचा संबंध उरला. अमरकोशाने दोन्ही अर्थ शेजारी नोंदले आहेत: किंमत आणि पूजाविधी. मूळ धातू ‘अर्ह’, पात्र असणे. ज्यातून पूजार्ह, अर्हता हे शब्द आले. ज्याला जे द्यायला हवे ते अर्घ, मग तो दुकानदार असो की देव. हा शब्द दिसेनासा झाला तरी गेला नाही. ज्याचा अर्घ मोठा ते महार्घ; प्राकृतात महग्घ; मराठीत ‘महाग’. आणि ज्याचा अर्घ बेताचा ते समर्घ, प्राकृतात समग्घ, मराठीत ‘सवंग’. महागाई आणि सवंगाई या दोन्हींत पूजेतले अर्घ्य दडलेले आहे. सवंग हा शब्द पूर्वी सरळ ‘स्वस्त’ या अर्थाने चालत असे. आता सवंग विनोद, सवंग लोकप्रियता अशा तुच्छतेच्या अर्थानेच तो उरला आहे. त्यामुळे ‘सवंग दरात बियाणे’ असे लिहू नका, अर्थ बरोबर असला तरी वाचकाला बियाण्याचा संशय येईल. ‘स्वस्त’ हा शब्द कोशकार ‘स्वस्थ’शी जोडतात. आपल्या जागी ठीक असलेला तो स्वस्थ. माल मुबलक, बाजार शांत, की जिन्नस स्वस्त.

शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी रघुनाथ पंडितांनी राजव्यवहारकोश रचला. त्यात व्यापारी जिनसांसाठी ‘पण्यवर्ग’ असा स्वतंत्र वर्ग आहे. पण बाजाराने ‘किंमत’ सोडली नाही. पेशवाईत तर बाजारभावाला ‘निरख’ हा फारसी शब्दही रुळलेला होता, आणि पुण्याच्या कोतवालाच्या कामांत शहरातल्या भावांवर नियंत्रण ठेवणे हेही एक होते. निरख पुढे विरून गेला. ‘बट्टा’ मात्र राहिला. नाणे मोडताना किंवा बदलताना सराफ जी कपात करी तो बट्टा. नाणी तऱ्हेतऱ्हेची होती, त्यामुळे हे रोजचे होते. आज नावाला बट्टा लागतो तो तिथून.

सगळे शब्द एकाच कागदावर पाहायचे असतील तर सराफाची पावती घ्यावी. हिशेबाच्या सोयीसाठी धरू की सोन्याचा भाव १० ग्रॅमला १,००,००० रुपये आहे आणि अंगठी ८ ग्रॅमची आहे. सोने झाले ८०,००० रुपयांचे. घडणावळीचा दर १० टक्के धरला तर ८,००० रुपये. बेरीज ८८,०००. त्यावर ३ टक्के दराने जीएसटी २,६४०. अंगठीची किंमत ९०,६४० रुपये. भाव बाजाराने ठरवला, घडणावळीचा दर दुकानाने, कराचा दर सरकारने, आणि तिन्हींतून निघालेला एकच आकडा म्हणजे या अंगठीची किंमत. उद्या ती मोडायला गेलात तर घडणावळ आणि कर परत मिळत नाही; त्या दिवसाच्या भावाने सोन्याचे पैसे मिळतात, तेही घट वजा करून. म्हणून ‘भाव वाढला तरी मला कमी का मिळाले?’ या प्रश्नात भाव आणि किंमत यांची गल्लत असते. आणखी एक: पूर्वीचा तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता, आताच्या बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. जुन्या वहीतला तोळ्याचा भाव आजच्या तोळ्याशी थेट ताडू नये.

सरकारी भाषेत या शब्दांची वाटणी थोडी वेडीवाकडी आहे, आणि तुमच्या माहितीपत्रकाला ती जशीच्या तशी पाळावी लागेल. १९६५ साली केंद्राने कृषी मूल्य आयोग नेमला. १९८५ पासून तो कृषी खर्च व मूल्य आयोग आहे. हा ‘मूल्य’ आयोग ज्याची शिफारस करतो ती ‘किमान आधारभूत किंमत’. शेतकरी तिला ‘हमीभाव’ म्हणतो. आणि उसाच्या बाबतीत तीच गोष्ट ‘रास्त आणि किफायतशीर दर’ होते, ज्याला सगळे एफआरपी म्हणतात. मूल्य, किंमत, भाव, दर: एकाच व्यवस्थेत चारही शब्द. इथे सुधारणा करायला जाऊ नये. अधिकृत संज्ञा पहिल्यांदा पूर्ण लिहावी, लगेच ‘म्हणजे हमीभाव’ असे जोडावे, आणि पुढे सगळीकडे ‘हमीभाव’ वापरावा. ‘किमान आधारभूत दर’ अशी नवी मोट बांधली तर शासन निर्णय शोधणाऱ्याला ती कुठेच सापडणार नाही. ‘रास्त’ हा फारसी शब्द आहे, अर्थ सरळ, योग्य; रास्त भाव दुकानातला तोच. रास्ता पेठेशी त्याचा संबंध नाही, ती सरदार रास्त्यांच्या नावाची. ‘वाजवी’ हा अरबी ‘वाजिब’पासून आला आणि घरगुती भाषेत तोच जास्त चालतो.

जमिनीच्या कागदांत आणखी काळजी लागते. खरेदीखतात ‘मोबदला’ म्हणजे प्रत्यक्ष ठरलेली रक्कम. सरकारच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यांवरून, म्हणजे रेडी रेकनरवरून, निघते ते ‘बाजारमूल्य’. सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात (इंडेक्स टू), मात्र याच आकड्याच्या रकान्याचे नाव ‘बाजारभाव’ असते. मोबदला आणि बाजारमूल्य या दोन आकड्यांत जो मोठा, त्यावर मुद्रांक शुल्क लागते. इथला ‘बाजारभाव’ म्हणजे चालू बाजारात मिळणारा भाव असे समजू नये. तो सरकारी तक्त्यातून आलेला आकडा आहे. अशा ठिकाणी ‘किंमत’ हा मोघम शब्द अजिबात नको, कारण दोन्हींपैकी कोणता आकडा ते कळत नाही.

तेव्हा माहितीपत्रकात ‘प्राइस’ दिसला की आधी दोन गोष्टी पाहाव्यात: आकडा एककाचा आहे की संपूर्ण वस्तूचा, आणि तो कोणी ठरवला. संपूर्ण वस्तूचा असेल तर किंमत: ट्रॅक्टरची किंमत, पिशवीवरची छापील किंमत. वेष्टनावरच्या एमआरपीसाठी ‘कमाल किरकोळ किंमत’ हीच रूढ संज्ञा आहे. एककाचा असून बाजारात ठरत असेल तर भाव. एककाचा असून जाहीर केलेला असेल तर दर: तोलाईचे दर, हमालीचे दर, शीतगृहाचे दर. पैशात मोजून संपत नाही अशा गोष्टीला मोल, आणि शास्त्रीय किंवा कायदेशीर मजकुरात मूल्य. पोषणमूल्य, खताचे मूल्य अशी जोडपदे या शेवटच्या गटातली.

द्विरुक्ती काढून टाका. ‘बाजारभाव किंमत’, ‘किमतीचे दर’, ‘भावाचा रेट’ यांत एक शब्द फुकटचा आहे. आणि ‘फुकट’वरून आठवले: बियाण्याचे नमुने ‘फुकट’ मिळतील असे छापू नका. फुकट शब्दात वाया गेल्याची छटा असते, ‘फुकट गेले’ असे आपण म्हणतो. ‘मोफत’ बोलीला जवळचा आहे आणि त्यात कमीपणा नाही. ‘विनामूल्य’ अर्जात, परिपत्रकात शोभतो. माती परीक्षणाच्या पानावर शीर्षकात ‘मोफत’, खाली अटींच्या मजकुरात ‘विनामूल्य’ असे ठेवले तर दोन्ही आपापल्या जागी बसतील.